उघड्या टॅबखाली काय चालू असतं

डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणाच्याही खुर्चीमागे दुपारी चारच्या सुमारास उभं राहून बघा. स्क्रीनवर वरती टॅब्सची रांग, क्वेरी १, क्वेरी २, मग एकदम क्वेरी ९, क्वेरी २३, मधले नंबर कधीच बंद झालेत, रांग मावत नाही म्हणून उजव्या कोपऱ्यात तो छोटा बाण आणि त्यावर क्लिक केलं की अजून लांबलचक यादी. बहुतेक नावांपुढे चांदणी, म्हणजे सेव्ह केलेलं नाही. एका टॅबमध्ये साधं सिलेक्ट, म्हणजे डेटा नुसता वाचणं, एकात अर्धवट अपडेट, म्हणजे डेटा बदलणं, एकात कुणीतरी चॅटवर पाठवलेली क्वेरी नुसती बघायला म्हणून पेस्ट केलेली, आणि एकात अख्खी दुपार खपून जमवलेली, चार टेबलं जोडणारी ती क्वेरी जी पुढच्या महिन्यात परत लागणार आहे. वरून बघताना चारही सारखेच दिसतात.

मी पणजीत पाट्टोला एका ऑफिसात हॉटेलांच्या बुकिंग-बिलिंगचा डेटा बघते. आमच्याकडे नवीन मुलं-मुली येतात त्यांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येत असतं, कॉलेजात जॉइन-बिइन सगळं शिकून येतात, पण टॅब कसे सांभाळायचे हे कुणी कधी शिकवलेलं नसतं आणि त्यात शिकवण्यासारखं काही आहे असंही कुणाला वाटत नाही. मला मात्र वाटतं, आणि दिवसेंदिवस जास्तच वाटायला लागलंय, की या कामातली निम्मी शिस्त तिथेच आहे.

ब्राउझरचा टॅब उघडा राहिला तर फार तर मेमरी खातो. डेटाबेसच्या टूलमधला टॅब तसा नाही. तो तीन गोष्टी एकात गुंडाळून बसलेला असतो. एक म्हणजे मजकूर, तुम्ही टाइप केलेलं. दुसरं म्हणजे सर्व्हरशी जोडलेलं जिवंत कनेक्शन, ज्याचं एक टोक तुमच्या लॅपटॉपमध्ये आणि दुसरं टोक अशा मशीनवर ज्यावर अजून शंभर जण काम करतायत. आणि तिसरं म्हणजे तुमच्या डोक्यातला प्रश्न, जो अजून सुटलेला नाही. तिन्हींचं आयुष्य वेगवेगळं आहे. मजकूर टिकायला हवा, कनेक्शन काम झालं की संपायला हवं, आणि प्रश्न कुठेतरी लिहून ठेवला पाहिजे. आपण तिन्हींसाठी एकच गोष्ट करतो, टॅब उघडा ठेवतो.

एसएसएमएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचं टूल, वापरत असाल तर टॅबच्या नावात फाईलच्या पुढे सर्व्हर, डेटाबेस, लॉगिन आणि शेवटी कंसात एक आकडा दिसतो. रोज दिसतो म्हणून कुणी बघत नाही. तो त्या टॅबचा सेशन नंबर. ५० पर्यंतचे नंबर सर्व्हरने स्वतःसाठी राखलेले, त्यामुळे आपला आकडा कायम ५१ किंवा त्याच्या पुढचाच. शेजारी दुसरा टॅब उघडला की त्याचा आकडा वेगळा, कारण ते कनेक्शनच वेगळं, सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळी माणसं आहात. म्हणून पहिल्या टॅबमध्ये हॅश लावून केलेलं टेंपररी टेबल दुसऱ्या टॅबला सापडत नाही, आणि पहिला टॅब बंद केला की ते टेबलही जातं. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात, "ताई, आत्ता तर होतं टेबल", आणि मग मी त्यांना कंसातला आकडा दाखवते.

हा आकडा किती कामाचा आहे ते सांगते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्याचा कळस, सगळी हॉटेलं फुल्ल, प्रत्येक फ्रंट ऑफिसमधून रिपोर्ट खेचणं चालू. अशाच एका दुपारी रूम टॅरिफचे सगळे रिपोर्ट थांबले. एरर नाही काही नाही, नुसतं फिरत राहिलेलं चक्र. फोनवर फोन. मी एसपी_हू२ चालवलं, सर्व्हरवर कोण काय करतंय ते दाखवणारी कमांड, त्यात ब्लॉक-बायचा कॉलम असतो, हा त्याच्यामागे अडकलाय, तो त्याच्यामागे, असं धरत धरत टोकापर्यंत गेले तर टोकाला बसलेलं सेशन झोपलेलं. स्टेटस स्लीपिंग. म्हणजे ते काहीच करत नव्हतं. कुणीतरी बिगिन ट्रॅन लिहून, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून, टॅरिफच्या टेबलावर अपडेट चालवलं होतं, खाली इतक्या रो बदलल्या असं दिसलं, आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, माणूस जेवायला गेला होता. सर्व्हरने लॉक धरून ठेवलेले, कारण अजून कुणी सांगितलंच नाही की बदल ठेवायचा की टाकायचा, आणि एसक्यूएल सर्व्हर आपल्या मूळ सेटिंगवर असेल तर तेवढ्या रो वाचायला येणाराही थांबतो.

होस्टनेमवरून मशीन कळलं, फोन लावला, पलीकडून आधी "कितें जालें?" आणि मग दोन मिनिटं नुसती शोधाशोध, कारण त्याच्याकडे टॅबच इतके की कुठला तो त्यालाही कळेना. शेवटी मी नंबर सांगितला, म्हटलं कंसात हा आकडा असलेला टॅब बघ, एकेका टॅबवर माऊस नेला की पूर्ण नाव दिसतं. सापडला. त्याने आकडे ताडून बघितले, कमिट केलं, आणि पणजीपासून काणकोणपर्यंतचे रिपोर्ट एका क्षणात सुटले. मी इथूनच किल मारू शकले असते, पण किल म्हणजे रोलबॅक, केलेला बदल मागे फिरणं, त्याची सकाळची मेहनत गेली असती आणि टॅरिफ जुनेच राहिले असते. म्हणून मला ते नेहमी शेवटचं शस्त्र वाटतं. ज्याचा टॅब आहे त्यानेच तो मिटवावा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणारे म्हणतील आमच्याकडे असं होत नाही. खरंय, तिथे लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. पण तिथे दुसरी गंमत असते. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून सोडलेला टॅब 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून पडून राहतो, तो असेपर्यंत व्हॅक्यूमला, म्हणजे तिथल्या साफसफाईच्या कामाला, मेलेल्या रो साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही नुसतं सिलेक्ट करून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलंत आणि तेवढ्यात कुणी त्या टेबलात नवा कॉलम टाकायला ऑल्टर मारलं, तर ते तुमच्यामागे अडकतं, आणि त्या ऑल्टरच्या मागे बाकी सगळे अडकतात, साधे वाचणारेसुद्धा. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून अशा सेशनला ठरावीक वेळेनंतर तोडायची सेटिंग आहे पण ती मुळात बंद असते, कुणीतरी मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस आणि मूळ मर्यादा १०० ची. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेसच्या टूलमध्ये प्रत्येक क्वेरी टूल आपलं कनेक्शन घेतं, म्हणजे आठ-दहा जणांनी भरपूर टॅब उघडे ठेवले की खऱ्या अ‍ॅप्लिकेशनला जागा किती उरते त्याचा हिशोब तुम्हीच करा. मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसची मूळ मर्यादा १५१, तिथेही तेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हजारोंनी कनेक्शन चालतात, तिथे संख्येचा प्रश्न नाही, लॉकचा आहे.

म्हणून मी टॅब आवरायला बसते तेव्हा पहिल्यांदा नावं बघत नाही, रंग बघत नाही. पहिला प्रश्न एकच, या टॅबखाली ट्रान्झॅक्शन उघडं आहे का. एसएसएमएस बंद करताना विचारतो की कमिट न केलेलं काही आहे, कमिट करू का, आणि घाईत माणूस काहीही दाबतो. तो प्रश्न यायच्या आधीच आपल्याला उत्तर माहीत पाहिजे. 'ट्रॅनकाउंट' विचारणारं एक ओळीचं सिलेक्ट आहे, शून्य आलं की पुढे जायचं.

त्यानंतर मजकूर. इथे मला आमच्या घरातलं पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, आठवतं. मे महिन्यात आई सुकी मासळी, सोलां, मिरच्या, कुळीथ भरून ठेवायची, बरणीवर चिठ्ठी, आणि ताजी मासळी मात्र त्याच दिवशी शिजायची, ती कुणी बरणीत भरत नाही आणि टेबलावर तर अजिबातच ठेवत नाही. क्वेऱ्यांचंही तसंच वेगळं काढावं लागतं. 'या पाहुण्याचं बिल का दोनदा दिसतंय' हे ताजं, आज बघायचं आणि बंद करायचं. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नसाठी दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत बिलांचे आकडे जुळवणारी क्वेरी म्हणजे साठवणीचं, तिला फाईल हवी, नाव हवं. गडबड होते ती या दोन्हींच्या मधल्या ढिगाची, जे टाकवत नाही आणि नावही देववत नाही. माझा अनुभव असा की त्यातलं बहुतेक ताजंच असतं. ज्याला नाव सुचत नाही ते परत लागत नाही.

नाव देण्याबद्दल मी बराच विचार केलाय. आधी सगळे करतात तसं टेबलाच्या नावाने फोल्डर करायची पद्धत आमच्याकडे होती, बुकिंग, इन्व्हॉइस, गेस्ट. पण क्वेरी एका टेबलाची कधी नसतेच, ती तीन फोल्डरांत बसू शकते म्हणून एकातही सापडत नाही. मला उत्तर सुचलं ते बसमध्ये. फोंड्याहून येताना कदंब बाणास्तारी पूल ओलांडून जुन्या गोव्यावरून जाते, आणि याच जुन्या गोव्यात १५९५ मध्ये पोर्तुगीजांनी दप्तरखाना सुरू केला, दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला प्रमुख. तेच आज आपलं राज्य पुराभिलेखागार, पणजीत. तिथल्या नावाजलेल्या खंडांना 'मोंसोंइश दु रेनु' म्हणतात, मोसमाचे खंड. पोर्तुगालची जहाजं मोसमी वाऱ्याच्या हिशोबाने यायची-जायची, राजाची पत्रं आणि इकडची उत्तरं त्याच जहाजांनी, म्हणून कागद त्या-त्या वर्षाच्या मोसमाप्रमाणे बांधले. विषयाने नाही. कागद कधी आला हे माणसाच्या लक्षात राहतं, तो कुठल्या विषयाचा यावर मात्र दोन माणसांचं एकमत होत नाही.

तेव्हापासून माझ्या फाईलचं नाव असं, आधी वर्ष-महिना, मग विचारलं कुणी म्हणजे अकाउंट्स की फ्रंट ऑफिस की मॅनेजमेंट, मग प्रश्न दोन-तीन शब्दांत. टेबलाचं नाव नाहीच, ते आत शोधता येतं. आणि फाईलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये तीन ओळी, कशासाठी विचारलं, कुठल्या सर्व्हरवर चालवायची, आणि कुठवर आलं. ही तिसरी ओळ म्हणजे तो डोक्यातला प्रश्न, तीच खरी महत्त्वाची. 'मार्चचे आकडे जुळतात, एप्रिलला कॅन्सल झालेली बुकिंग दोनदा मोजली जातायत, अकाउंट्सला विचारायचं.' एवढं लिहिलं की टॅब निर्धास्त बंद करता येतो. टॅब बंद करायची भीती ही बहुतेक वेळा क्वेरी हरवायची नसतेच, आपण कुठे होतो ते हरवायची असते.

डीबीव्हर हे दुसरं टूल वापरणाऱ्यांना वाटतं आमचं सगळं आपोआप सेव्ह होतं. होतं खरं, प्रोजेक्टच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये स्क्रिप्ट-१, स्क्रिप्ट-२ करत सगळं जमा होत राहतं. हरवत काही नाही आणि सापडतही काही नाही. एसएसएमएसचा ऑटोरिकव्हर दर ५ मिनिटांनी न सेव्ह केलेलं बाजूला ठेवतो, मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवस. जून-जुलैमध्ये आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते, यूपीएस कुरकुरायला लागतो, घरून काम करत असाल तर व्हीपीएन तुटतं, त्या वेळी याचा आधार खूप मोठा. पण तो वाचवतो फक्त मजकूर. कनेक्शन गेलं म्हणजे टेंपररी टेबल गेलं, सेशनला लावलेल्या सेटिंग गेल्या, कमिट न केलेलं सर्व्हर परत फिरवतो. परत जोडलं की टॅब दिसायला तोच, पण खाली नवा नंबर, नवं सेशन. म्हणून परत लागणाऱ्या फाईलमध्ये पहिली ओळ डेटाबेस कुठला ते सांगणारी 'यूज' ची हवीच, आणि टेंपररी टेबल बनवायचा भागही त्याच फाईलमध्ये हवा, म्हणजे कुठूनही सुरू केलं तरी चालेल.

आता एका गोष्टीवर मी जरा जोर देऊन बोलणार. पुष्कळ जण सगळं एकाच टॅबमध्ये लिहितात, एक मोठा रफ टॅब, वर जुन्या क्वेऱ्या, खाली नव्या, हवी ती सिलेक्ट करून एफ५, म्हणजे चालवायचं बटण. टॅब एकच, म्हणजे नीटनेटकं वाटतं. मला हा प्रकार सगळ्यात धोक्याचा वाटतो. एसएसएमएसमध्ये काही सिलेक्ट केलेलं असेल तर तेवढंच चालतं, आणि काहीच सिलेक्ट नसेल तर टॅबमधलं सगळं चालतं, वरपासून खालपर्यंत, तीन आठवड्यांपूर्वीच्या डिलीटसकट. डीबीव्हरमध्ये कंट्रोल-एंटर मारलं की कर्सर असेल तेवढंच वाक्य चालतं. ज्या मुलांचा हात तिथे बसलाय ती एसएसएमएसवर आली की त्याच भरवशाने कर्सर ठेवून एफ५ मारतात. बोटांची सवय टूल बदललं म्हणून बदलत नाही. म्हणून एक प्रश्न एक टॅब, आणि सिलेक्ट आणि अपडेट कधीच एका टॅबमध्ये नको. रफ टॅब हवाच असेल तर सगळ्यात वर 'सेट नोएक्झेक ऑन' लिहून ठेवा, चुकून सगळं चाललं तर खालचं काही होणार नाही, नुसतं तपासलं जाईल. फक्त त्या सेशनमध्ये तो ऑनच राहतो, ऑफ करायचं लक्षात ठेवायचं. मायएसक्यूएल वर्कबेंचने हे ओळखून सेफ अपडेट आधीच चालू ठेवलंय, 'की' (key) असलेल्या कॉलमची अट न घालता अपडेट मारलं की तो ११७५ नंबरची एरर देऊन थांबवतो. मुलं वैतागून ती सेटिंग बंद करतात. करू नका.

रंगांचं थोडक्यात. प्रॉडक्शनला लाल, टेस्टला हिरवा, एसएसएमएसमध्ये कनेक्ट करतानाच्या ऑप्शनमध्ये रंग देता येतो, तो स्टेटस बारला लागतो. बार खाली असतो आणि नजर वर असते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मी तो वरती घेतलाय. तिथेच टॅबच्या नावात काय काय दिसावं तेही निवडता येतं. मी लॉगिन काढून टाकलंय, ते कायम माझंच असतं, सर्व्हर आणि डेटाबेस ठेवलेत. पैसे देऊन घ्यायचं असेल तर रेडगेटचं एसक्यूएल प्रॉम्प्ट अख्खा टॅबच रंगवतं आणि बंद केलेल्या टॅबचा इतिहासही ठेवतं, चांगलं आहे. डीबीव्हरमध्ये कनेक्शनला प्रॉडक्शन असा प्रकार दिला की रंगाबरोबर ऑटोकमिटही बंद होतं, प्रत्येक बदल हाताने कमिट करायचा. तुमच्या डेटासाठी हे सुरक्षित आहे. पण त्यामुळेच उघडी ट्रान्झॅक्शन मागे राहतात आणि दुसऱ्याचं काम अडतं. तरीही मी म्हणेन हाताने कमिट करणंच बरोबर, फक्त मग जेवायला उठायच्या आधी ते करायचं, नाहीतर रोलबॅक करून उठायचं आणि आल्यावर परत चालवायचं.

आणि पिन. पिन केलेले टॅब वेगळ्या ओळीत ठेवायची सोय आहे, मी तिथे दोनच ठेवते. एक म्हणजे कोण कुणाला अडवतंय ते दाखवणारी क्वेरी, कारण आग लागली असताना ती लिहीत बसायला वेळ नसतो, आणि दुसरी दिवसभराच्या नोंदींची फाईल. बाकी सगळं येणारं-जाणारं. रिझल्टचे मोठे ग्रिडही काम झालं की जाऊ द्यायचे, लाख-लाख रो आपल्या मशीनमध्ये धरून बसलेले दहा टॅब म्हणजे टूल कोसळायला आमंत्रण. २०२५ मध्ये २१ वी आवृत्ती आली तेव्हा एसएसएमएस ६४-बिट झालं, त्याआधी ३२-बिट होतं आणि मेमरी संपली म्हणून हमखास मान टाकायचं.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने परवा विचारलं, "ताई, मग किती टॅब चालतील?" आकडा मी सांगितला नाही, तिला म्हटलं कुठल्याही टॅबवर बोट ठेव आणि आत काय अर्धवट आहे ते मला एका वाक्यात सांग. पहिल्या पाचांचं तिने पटापट सांगितलं. सहाव्याला थांबली, उघडून वाचायला लागली. तिथून पुढचे सगळे आम्ही दोघींनी बसून एकेक उघडले, ट्रॅनकाउंट बघितला, दोनांना नावं दिली, बाकी बंद केले.

चतुर्थीच्या आधी हे सगळ्या टीमने करावं असं माझ्या मनात आहे. त्या दिवसांत निम्मं ऑफिस गावाला असतं, कुणी सत्तरीत कुणी पेडण्यात, माटोळी बांधायची, पाहुणे, फोनला रेंज असेल नसेल, आणि मागे ज्याला काम बघायचंय त्याला फक्त शेअर्ड फोल्डर दिसतो, दुसऱ्याच्या लॅपटॉपमधले उघडे टॅब दिसत नाहीत. मागच्या वर्षी तिघांनी आपल्या फाईली तीन ओळींच्या कॉमेंटसकट फोल्डरमध्ये टाकल्या होत्या आणि त्या तिघांना सुट्टीत एकही फोन गेला नाही. यंदा बाकीच्यांच्या मागे लागलेय.